सही नाही करणार, बाय

प्रिय बाय,

काल तू टेबलावर ठेवून गेलीस तो पतसंस्थेचा फॉर्म मी रात्री दोनदा वाचला. 50,000 रुपये, 24 हप्ते, आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’. जामीनदाराच्या जागी माझं नाव तू आधीच लिहून आणलं होतंस. सही नाही करणार. तुझ्यावर विश्वास नाही असं मुळीच नाही. पेन्शन आहे मला, हप्ता थकला तर मी भरेनही. उद्या पोराच्या फीसाठी, सासूच्या औषधासाठी हाच कागद घेऊन ये, उंबऱ्यात उभ्याउभ्या सही करीन. नाताळासाठी करणार नाही.

तू माझ्याच मुलखातली, वेंगुर्ल्याकडची, मराठी शाळेत शिकलेली. म्हणून हे लिहून देते. समोर बसून बोलले तर तू रडशील, मग मला राहवणार नाही आणि मी पेन हातात घेईन.

फाटकापाशी थांबून तू म्हणालीस, “बाई, तारवटीच्या, बोटीवरच्या माणसाच्या घरी नाताळाला काही नाही म्हटल्यावर वाड्यावरची, वस्तीतली माणसं काय समजतील?” मला तेच खुपलं. नवरा सप्टेंबरात बोटीवरून आला, नवीन कॉन्ट्रॅक्ट आलं नाही, आणि तीन महिने तुम्ही दोघं ‘सुट्टीवर आहे, सुट्टीवर आहे’ सांगत फिरताय. दरवर्षी तो बॅग भरून चॉकलेटं आणतो, बाटल्या आणतो, तुझी ताटं अठरा घरी जातात. यंदा ते सगळं कर्ज काढून उभं करायचं, म्हणजे लोकांना कळणार नाही. आणि जानेवारीपासून दोन वर्षं दर महिन्याला हप्ता भरायचा. कोणासाठी ग?

मी हे केलेलं आहे. 1989 साली. माझा नवरा तेव्हा खनिजाच्या बार्जीवर होता. जेटीवर घसरून नडगीचं हाड मोडलं आणि ऑगस्टपासून घरी बसला. मालकाने अर्धा पगार दिला, तोही मागून मागून. माझ्या एकटीच्या मास्तरकीवर पाच माणसं. अशा वर्षी मला काय सुचावं? आईच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि वीस घरांची कोंसुआद, म्हणजे वाटायच्या नाताळी गोडधोडाची ताटं, मांडली. बेबिंका, दोदोल, दोस, पेराद, नेवऱ्या, बोलिन्हा, कुलकुल, काही म्हणता काही सोडलं नाही. दोदोल ढवळून तळहाताला फोड आले. बेबिंका तर तुला ठाऊक आहे, एक थर ओतायचा, वर निखारे ठेवून तो खरपूस करायचा, तूप सोडायचं, मग दुसरा. माझी सात थरांची होती. 24 तारखेचा निम्मा दिवस त्या एका भांड्यापुढे गेला.

सासू तेव्हा खाटेला खिळलेली. तिला दिसावं म्हणून खाट नाताळासाठी मांडलेल्या बाळयेशूच्या गोठ्याशेजारी आणून ठेवली होती. त्या दुपारी तिने मला तीन हाका मारल्या. “मातशें बस गो हांगा.” जरा बस ग इथे, असं. तिन्ही वेळा मी चुलीपासूनच ओरडले, हा थर झाला की येते. रात्री चर्चमधली मिस्सा आटोपून आलो तेव्हा तिला झोप लागली होती. नाताळच्या दिवशी पाहुणे. दुसऱ्या दिवशी भांडी. फेब्रुवारीत ती गेली.

तिला काय हवं होतं ते माझ्या मुलीने नंतर सांगितलं. गोठ्यातल्या मातीच्या मेंढराचा पाय मोडला होता आणि तो मेणबत्तीच्या मेणाने चिकटवून हवा होता. एवढंच. तिचे हात कापायचे, तिला जमत नव्हतं.

पाटल्या सुटल्या नाहीत. व्याज चढत गेलं, मुदत टळली, आईची ती एकच वस्तू माझ्याकडे होती. आणि ज्या वीस घरी ताटं गेली त्यांतल्या एकालाही आज ते ताट आठवत नाही. कसं आठवेल? प्रत्येकाच्या टेबलावर त्या दिवशी तशी दहा ताटं होती.

पुढच्या वर्षापासून मी ठरवलं: एकच जिन्नस, आणि तो सगळ्यांच्या हातांनी. तेव्हापासून माझ्या घरून नाताळाला फक्त कुलकुल जातात, शिंपल्यांच्या आकाराचे. जाऊ म्हणाली, मास्तरणीच्या ताटात नुसते शिंपले. नणंद दोन वर्षं ताट घेऊन गप्प आत गेली, बस म्हणाली नाही. मी बदलले नाही. परिस्थिती सुधारली तरी बदलले नाही. एकच जिन्नस, सगळ्यांच्या हातांनी. हे तू भिंतीवर लिहून ठेव, नाहीतर 20 तारखेला बाजारात गेल्यावर तुझा हात परत सैल सुटेल.

आता नीट वाच. एक किलो मैदा, त्यात दोन मुठी बारीक रवा. एका नारळाचा दाट रस, पाणी न घालता पहिला काढलेला तेवढाच. दोन अंडी, वाटीभर पिठीसाखर, दोन चमचे गरम तूप, चिमूट मीठ. पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट मळायचं आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं. तोवर जेवून घ्या, कारण एकदा बसलात की उठणं नाही. मग बोराएवढी गोळी घ्यायची, नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि खालच्या टोकाकडून गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी रेघारेघांची वळकटी होते. कड नीट दाबायची, नाहीतर तेलात उलगडते. आच मंद. मोठी आच केलीस तर वरून तांबडे आणि आत कच्चे राहतात, आणि चार दिवसांत मऊ पडतात. दर वर्षी कोणीतरी घाई करतं आणि पहिला घाणा वाया जातो. तो पोरांना खाऊ दे.

एका किलोचे एवढे होतात की दोघांनी करायला घेतले तर रात्र सरते आणि पाठ मोडते. सहाजण बसले तर दोन तासांचं काम. त्यातच सगळं आहे, बाय. फणीवर गोळी दाबायला सहा वर्षांचं पोर चालतं आणि हात कापणारी सासूही चालते. बेबिंकेला एकटी बाई लागते. कुलकुलांना घर लागतं. म्हणून मी त्यांना धरून बसले.

कोणाची गोळी कुठली तेही ओळखू येतं. माझ्या नवऱ्याच्या जाड आणि आखूड असत. तो गेल्यानंतरच्या नाताळाला डबा भरताना मी तसली एखादी दिसते का म्हणून हात घालून बघत होते.

गोठ्याला खर्च नाही. कापलेल्या भाताचं गवत कुठल्याही शेतकऱ्याच्या अंगणात मिळेल, चिऱ्याचे तुकडे विहिरीपाशी पडलेले असतात. नाचणी मात्र वेळेवर पेर. 16 डिसेंबरला नव्हेना, नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, त्याच दिवशी रात्रभर भिजवलेली नाचणी डब्याच्या झाकणांत माती घालून दाट पसर. नाताळापर्यंत बोटभर हिरवं उभं राहतं. धाकट्याला पाणी शिंपडायचं काम दे आणि त्याच्या कामात बोट घालू नकोस. बाजारातला तो प्लास्टिकचा दिव्यांचा गोठा आणू नको. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीत ग्रेच्चोला गोठा मांडला तेव्हा त्याने चारा, बैल आणि गाढव एवढंच आणलं होतं. आपण त्याला वीज जोडून महाग केला.

आणि ‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तर तुला मी कशाला द्यावं? लूकचा दुसरा अध्याय काढ. गोठ्यापर्यंत सगळेच वाचतात, तिथे थांबू नको, पुढे जा. बाळाला घेऊन मारिया आणि जोसेफ मंदिरात जातात तेव्हा अर्पण काय करतात? होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. नियमशास्त्रात मेंढरू सांगितलेलं आहे, आणि ज्या बाईला मेंढरू परवडत नाही तिच्यासाठी पाखरं. ती सगळ्यांच्या देखत गरिबाचं अर्पण घेऊन आत गेली. मेंढरासाठी तिने कोणाला जामीन धरलं नाही. मी हे वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं आणि 1989 आठवून मला लाज वाटली.

तू म्हणशील, बाईंना बोलायला काय जातं, पेन्शन आहे. बरोबर आहे तुझं. पण 2012 मध्ये गोव्यात खनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी डिचोलीकडच्या शाळेत होते. कर्जावर घेतलेले टिपर दारात उभे, मुलांच्या डब्यात नुसती पेज, आणि तरीही सण आला की माणसं उसनवार करून तोच थाट करत होती. हिंदू घरं चवथीला, आपली नाताळाला. एका मुलाने वर्गात मला विचारलं, “बाई, बाबांनी फटाके आणले, मग वही का नाही आणत?” मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, त्याला नव्हे, बापाला. म्हणून आज तुला देते आहे.

माझा मुलगाही माझ्यावर नाराज आहे, हेही तुझ्यापासून लपवत नाही. गेल्या वर्षी फोनवर म्हणाला, “आई, तू तुझ्या तत्त्वासाठी आम्हाला नाताळ दाखवलाच नाहीस.” 1996 साली त्याला रिमोटची गाडी हवी होती. तेव्हा पैसे होते. मी घेतली नाही, कारण मला वाटलं एकदा सूट दिली की सगळं परत सुरू होईल. गाडीच्या बाबतीत मी चुकले असेन. दिली असती तर आभाळ कोसळलं नसतं. पण आता तो पुण्यात स्वतःच्या पोरांना फणी घेऊन बसवतो, फोटो पाठवतो, तेव्हा मी काय समजायचं? मी सगळंच काढून घेतलं असतं तर त्याच्या हाताला ते वळण आलं कुठून? माझ्या घरी 24 तारखेला कोणी कोणाला ‘हा थर झाला की येते’ म्हटलं नाही, इतकी वर्षं. माझ्या मुलाला ते दिसलं नाही, कारण त्याला त्याची आई कायम जवळ बसलेलीच माहीत आहे. मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

जेवणाची काळजी करू नको. सोरपोतेल, डुकराच्या मटणाचं, किलोभर पुरे, काळीज मिसळलं की वाढतं, 22 तारखेला करून ठेव आणि रोज एक उकळी दे. व्हिनेगरमुळे टिकतं, आणि तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं हे तुला मी सांगायला नको. बरोबर सान्नां, तांदळाच्या वाफवलेल्या. तीस माणसांना बोलावू नको, घरच्यांना आणि तुझ्या आईबापांना बोलाव.

अठरा घरांची यादी फाड. ज्या घरी यंदा दुःख झालंय त्या घरी पहिलं ताट जाऊ दे, त्यांच्याकडे गोड होणार नाही. मग शेजारच्या हिंदू घरी, दिवाळीचा फराळ त्यांनी तुला न चुकता पाठवला. मग दोन-चार. पुठ्ठ्याच्या ताटात मूठ मूठ. पोरांना पाठव, स्वतः जाऊन खुलासे देत बसू नको.

सासूला मात्र खरं सांग. आजच. तिला कळलेलं आहे, बाय. तीन महिने लेक घरी आहे आणि बॅग उघडली नाही, हे आईला कळत नाही असं तुला वाटतं? ती तुम्ही बोलाल म्हणून वाट बघते आहे. आणि तिने हाक मारली तर चूल बंद कर आणि जा. दूध उतू गेलं तर जाऊ दे.

राहिला तुझा नवरा. दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसतो म्हणालीस. त्याच्या हाताला काम नाही म्हणून बसतो. बोटीवर ज्याने दोर ओढलेत त्याला यादी करून बाजारात पाठवू नको, त्याला नखेत्र, नाताळाचा चांदणीचा कंदील, करायला दे. बांबूच्या दहा कामट्या, पाच-पाचाच्या दोन चांदण्या, मध्ये आधाराला पाच छोट्या काड्या, सुतळी, पतंगाचा कागद, मैद्याची खळ. तयार नखेत्र विकत मिळतं, मला माहीत आहे. आणू नका. मोठं करू दे, रस्त्यावरून दिसेल एवढं. वाड्याला काय दाखवायचं ते त्याने त्याच्या हाताने टांगावं.

फॉर्म पाकिटात घालून परत पाठवते आहे, फाडला नाही. 21 तारखेला संध्याकाळी मी येईन, माझी फणी घेऊन. बरोबर सासूचं ते मेंढरू आणते, पाय मी नंतर चिकटवला. यंदा ते तुमच्या गोठ्यात राहू दे, तीन रायांच्या फेस्तापर्यंत. 6 जानेवारीनंतर धाकट्याच्या हाती परत पाठव.

कामट्या परसात तासून ठेवल्या आहेत. नवऱ्याला म्हणावं अंधार पडायच्या आत घेऊन जा.

तुझी,
बाई