विचारा की! : वाळवंटातला पौष, सहा चाकांच्या घरात

मागच्या महिन्यात पंपाच्या ऑइल सीलबद्दल लिहिताना मी सहज बोलून गेलो, की २०२३ च्या जानेवारीत मी आणि आमची ही अमेरिकेत मेव्हण्याच्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, पाच आठवडे राहून आलो. ऑइल सील राहिलं बाजूला, पत्रं सगळी गाडीचीच आली. पंपवाल्यांनी या खेपेला माफ करावं.

प्रश्न : मुलगी-जावई मिनेसोटाला असतात. येत्या जानेवारीत मोटरहोम भाड्यानं घेऊन सगळ्यांनी महिनाभर ॲरिझोनाच्या वाळवंटात राहायचं, असा जावयांचा बेत आहे. माझं वय ६३, ह्यांचे गुडघे धरलेत. तिथं दिवसभर करायचं काय? आणि आम्हाला झेपेल का?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी गुडघ्यांचं. अशा गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा असतो, शिडीनं चढून झोपायचा. तो पोरांना द्या. जेवायचं टेबल खाली पाडून वर गाद्या टाकल्या की पलंग होतो, तो तुम्हा दोघांचा. हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, जावयासमोर भिडेला पडू नका. मी पडलो आणि आठ रात्री माळ्यावर काढल्या. साठीनंतर रात्री दोनदा उठावं लागतं, हे शिडीला कोण सांगणार?

आम्ही होतो ते गाव क्वार्ट्झसाइट, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ. एरवीची वस्ती दोन-अडीच हजार. हिवाळ्यात मात्र चहूबाजूंनी थंडी चुकवायला आलेल्या गाड्याच गाड्या, जोतिबाच्या चैत्री यात्रेला आसपासची रानं भरतात तशा. दक्षिणेला ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथं मुक्काम करता येतो. तेव्हा सगळ्या हंगामाचा परवाना १८० डॉलरला होता आणि चौदा दिवसांचा ४० डॉलरला. त्या पैशात मिळते जमीन आणि आकाश. गाडी उभी करायची तिथं ना वीज, ना नळ. खडी पसरल्यासारखी भुई आणि मधूनमधून उंच सग्वारो निवडुंग.

आता दिवस. तिथं जानेवारीत सूर्य उगवायलाच पावणेआठ होतात. बाहेर चार-पाच अंश. आपल्या रंकाळ्यावर पंधरा अंश झाले की आपण कानटोपी काढतो, त्यावरून अंदाज घ्या. गाडीत गॅसचा हीटर असतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, म्हणून रात्रभर लावायचा नाही. त्यामुळं मेव्हणा उठला की चहाच्या आधी व्होल्टेज बघायचा. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी संपली. निम्म्याच्या खाली गेली की साध्या लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य घटतं. आकडा १२.२ दिसला की त्याचं तोंड उतरायचं आणि त्या दिवशी मिक्सर बंद. पुढचं काम माझं. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला कलून खालून जातो, तेव्हा टपावर सोलरच्या फळ्या आडव्या पडून राहिल्या तर निम्मं ऊन वाया. मी मागच्या शिडीनं चढायचो आणि एका बाजूला टेकू लावून त्या उभ्या करायचो. उद्यमनगरात चाळीस वर्षं पाना फिरवलेल्या माणसाला सकाळी सकाळी नट आवळायला मिळाला, आणखी काय पाहिजे?

खरी कसरत पाण्याची. गोड्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची, माणसं चार. पिण्याचं पाणी कॅनमधून वेगळं, बाकी सगळं ह्या टाकीतून. मेव्हण्याच्या हिशेबानं ती पाच दिवस पुरायची. मग पसारा गुंडाळा, गाडी काढा, पाणी भरायला जा. आमच्या हिनं पहिल्या दोन दिवसांतच कारभार हातात घेतला. ताई, तुम्हीही २०१९ चा पूर बघितलाय. पंचगंगा दारात आणि नळ कोरडा, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत उभी राहिलेली बाई ही. शॉवर गरम होईस्तोवर जे गार पाणी वाहून जायचं, ते तिनं बादलीत धरलं. अंघोळ तांब्यानं, चार तांब्यांत. भांडी आधी कागदानं पुसायची, मग एकाच पातेल्यातलं पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात फिरवायचं, शेवटी ते संडासात. टाकी सात दिवस गेली. आठ वर्षं त्या गाडीतून हिंडलेला मेव्हणा थोरल्या बहिणीकडं बघतच राहिला. तसा तो शिकला काही नाही, आम्ही परतल्यावर पुन्हा पाच दिवसांवर आला म्हणे.

स्वयंपाक करता येतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फ्रिज गॅसवर चालतो. आत अमोनिया असतो, ज्योतीच्या उष्णतेनं तो फिरतो आणि गारवा येतो. कॉम्प्रेसर नाहीच. गाडी कलती उभी असेल तर आतलं द्रव अडकतं आणि फ्रिज बिघडतो. म्हणून मुक्कामावर पोचलं की आधी चाकांखाली ठोकळे घालून गाडी सपाट करायची. मी कोल्हापूरहून गवंड्याची छोटी पाणसळ नेली होती. विमानतळावर तिच्यावरून चौकशी झाली ते सोडा. दुसरं म्हणजे फोडणी. छतावर धुराचा अलार्म असतो. हिनं कांदा-लसूण चटणी तेलात घातली मात्र, असा काही कोकलला की शेजारचे कॅनडावाले आजोबा आग विझवायचं नळकांडं घेऊन धावले. त्यांना बसवून भाकरी-पिठलं वाढलं. तेव्हापासून छताचा पंखा आणि दार उघडल्याशिवाय फोडणी नाही.

दुपारी वीस अंश, घाम नाही, पण हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. डबीभर तूप जवळ ठेवा. गाडीच्या बाजूची कनात ओढून सावलीत बसायचं. गावात जुन्या हत्यारांचा आणि दगडांचा मोठा बाजार भरतो. दगड मी बघितले नाहीत, जुन्या मायक्रोमीटरांत माझे तीन तास गेले. एकदा हाय जॉलीची समाधी बघायला जा. खरं नाव हाजी अली. १८५६ साली अमेरिकन लष्करानं वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. उंटांचा प्रयोग फसला, हा मात्र तिथलाच होऊन राहिला आणि १९०२ साली गेला. दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर धातूचा उंट.

भोगीला बाजरीची भाकरी झाली, पीठ येतानाच फिनिक्सहून आणलं होतं. संक्रांतीला हिनं आसपासच्या अकरा गाड्यांत तिळगूळ वाटला. ‘गोड बोला’चं भाषांतर मेव्हण्यानं काय केलं कुणास ठाऊक, एक म्हातारी हिच्या गळ्यातच पडली.

सहा-सव्वासहाला अंधार. मग शेकोटी, आणि लांबून कोल्हेकुई. रात्री दहाला जनरेटर बंद करायचा नियम आहे, पण नऊलाच माणसं पेंगतात.

झेपेल का म्हणालात, तर झेपेल. पण महिना नको. चार माणसं, एक दार आणि जावई! चौदा दिवसांचा परवाना काढा आणि गोडीत परत या. गोळ्या पुऱ्या मुक्कामाच्या न्या, प्रवासाचा विमा काढा, तिथून हॉस्पिटल लांब पडतं. दातांचं काम मेक्सिकोत स्वस्त होतं म्हणून पुष्कळ लोक युमाजवळून लॉस अल्गोडोनेसला चालत जातात. आपण व्हिसा नीट तपासल्याशिवाय ती हद्द ओलांडायची नाही.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण संडासाचं काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, संकोच कशाला, हाच प्रश्न सगळ्यांना असतो, पत्र फक्त तुम्ही लिहिलंत. गाडीखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. मोरीची करडी आणि संडासाची काळी. काळीचा व्हॉल्व्ह रोज उघडा ठेवायचा नाही. पाणी निघून जातं आणि घट्ट माल आत थिजतो. दोन तृतीयांश भरू द्यायची, मग ठरलेल्या जागी नेऊन एकदम सोडायची. आधी काळी, नंतर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. आपली पाण्यानं धुवायची सवय इथं कामाची आहे, टाकीत कागदाचा गोळा होत नाही. मग्गा मात्र लहान घ्या, नाहीतर टाकी चार दिवसांत भरते.

पहिल्या खेपेला मी मोठ्या तोऱ्यात पुढं झालो. ‘आयुष्यभर पाइप जोडले, हे काय!’ नळीच्या तोंडाला दोन कान असतात. ते आउटलेटच्या खुंट्यांवर बसवून नळी पिळायची, खटका लागेपर्यंत. माझा एकच कान बसला होता. व्हॉल्व्ह ओढला आणि डाव्या बुटापासून गुडघ्यापर्यंत… पुढचं मासिकात छापता येत नाही. मेव्हणा हसला नाही, त्यानं निमूटपणे हातमोजे पुढं केले. त्याचा मला जास्त राग आला. बूट तिथंच सोडून आलो.

प्रश्न : थंडी चुकवायला घर घेऊन हिंडायचं, हे पैसेवाल्यांचे चोचले नाहीत का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : काहींचे आहेतच. आमच्या समोर एक गाडी होती, आपल्या निमआराम एसटीपेक्षा लांब, बाजूच्या भिंती बटणावर बाहेर सरकणारी. पण तिच्या पलीकडं एक बाई साध्या मालवाहू व्हॅनमध्ये राहायची. शहरात घरभाडं परवडत नाही म्हणून हिवाळा इथं आणि उन्हाळा डोंगरात, तिथं कॅम्पची राखण करून. तिला चोचले कसं म्हणू?

आणि गडहिंग्लजच्या माणसानं हे मला विचारावं? दिवाळी सरली की तुमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडून. कोपी, चूल, बैल, लेकरं, सगळा संसार पाच महिने दुसऱ्याच्या रानात. पाणी कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न त्यांचाही. त्यांना कुणी परवाना देत नाही आणि त्यांच्यावर मासिकात सदरही निघत नाही. ला पोसाला पहिल्या संध्याकाळी ओळीनं पेटलेल्या शेकोट्या बघून मला कारखान्याजवळचा तळच आठवला होता. मेव्हण्याला बोललो, तर तो म्हणाला, ‘दाजी, इथं तरी नको.’

प्रश्न : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं असं घर करायचं आणि थंडीत कोकणात मुक्काम ठोकायचा, असं आम्हा तिघा मित्रांच्या मनात आहे. कुठून सुरुवात करावी?
– एक तरुण वाचक, शाहूपुरी

उत्तर : आरटीओपासून. मंजूर बांधणीत बदल करायचा तर आधी परवानगी, मग वेल्डिंग. उलटं केलंत तर गाडी दारात उभी राहील, नुसती बघायला. आणि कोल्हापुरातल्या थंडीचं निमित्त सांगू नका रे, ती आहे केवढी! कोकण बघायचंय म्हणून जा.

संडासाची टाकी कुठं रिकामी करणार, ते मात्र आधी ठरवा. तिथं त्यासाठी जागोजागी सोय आहे, आपल्याकडं तुम्हालाच शोधावी लागेल, आणि ओढ्यात सोडलीत तर मला पत्र लिहू नका. टाक्या ॲक्सलच्या आसपास, खाली बसवा. वर ठेवल्यात तर गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात प्रत्येक वळणाला पाणी एका बाजूला धावेल आणि गाडी त्याच्या मागं. सांगाडा तयार झाला की पत्रा मारायच्या आधी रविवारी सकाळी घेऊन या. पाणसळ माझ्याकडं आहे.