इंजिन बांधल्यावर ऑइल गळते : गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे 1997 ची कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी किंग आहे. नुकतेच इंजिन पूर्ण खोलून रिंगा, बेअरिंग आणि सगळी सील-पॅकिंग नवी घालून बांधून घेतले. तेव्हापासून रात्रभर गाडी उभी राहिली की बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाखाली) ऑइल ठिबकलेले दिसते आणि पसरणी घाट चढून आल्यावर डाग आणखी मोठा असतो. क्रँकचे मागचे सील गेले असून गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. नवे सील इतक्या लवकर जाते का?
— एक वाचक, वाई

उत्तर : जाऊ शकते, विशेषतः सीलची ओठासारखी कडा कोरडीच बसवली असेल किंवा बसवताना दुमडली असेल तर. तरीही केवळ थेंबाच्या जागेवरून तसा निष्कर्ष काढू नये, कारण इंजिनच्या मागच्या बाजूने वरून कुठूनही ओघळलेले ऑइल शेवटी बेल हाउसिंगखालीच येते आणि चढावर तर ते मागेच धावते. तुमच्या 1,298 सीसीच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बाजूला असतो. त्याची ओ-रिंग कडक झाली, किंवा तो ज्या केसमध्ये बसतो तिचे पॅकिंग नीट बसले नाही, की ऑइल हेडच्या मागून सरळ खाली उतरते आणि दोष मात्र सीलच्या माथी येतो. सगळी पॅकिंग नवी घातल्याचे गॅरेजने सांगितले असले, तरी ही छोटी ओ-रिंग बदलली होती का, हे वेगळे विचारा.

आधी ठिबकणारे ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो; तसा वास आला तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे आणि इंजिनचा त्यात काही दोष नाही. ऑइल इंजिनचेच निघाले तर इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाकून मागची बाजू डिग्रीझरने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या आणि टॅपेट कव्हरची कड, डिस्ट्रिब्युटरचा बूड व हेड-ब्लॉकचा सांधा यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून ते बंद करा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन पाहा. पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली असेल तिथे गळती सुरू होते. त्याखालचा ओलेपणा हा फक्त ओघळ असतो.

वरचा भाग कोरडा राहून ऑइल बेल हाउसिंगच्या आतूनच येत असेल, तरीही आधी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त नाही ना आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारा) व त्याची नळी तुंबलेली नाही ना, हे पाहून घ्या. नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा वायू क्रँककेसमध्ये उतरतोच; त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचे झाकण काढून तोंडावर कागद धरला आणि तो जोराने उडू लागला, तर सील बदलून काही उपयोग होणार नाही.

हे सारे ठीक असूनही गळती थांबली नाही, तर गिअरबॉक्स उतरवणे भागच आहे. त्या वेळी क्रँकवर जुन्या सीलने चर पाडला आहे का, ते नखाने चाचपून पाहा. नख अडकले तर नवे सील किंचित आत किंवा बाहेर, न झिजलेल्या भागावर बसवायला सांगा आणि कडेला ऑइल लावूनच ते चढवू द्या. सीलच्या हाउसिंगचे पॅकिंग खाली चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बाजूला उंच राहिले असेल तर ते ब्लेडने समतल कापले पाहिजे, नाहीतर चेंबरचा सांधा नेमका त्या कोपऱ्यात उघडा राहतो. चेंबरचे बोल्ट बारीक असून त्यांना सुमारे 10 न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. जोर लावून आवळले की पत्र्याची कड वाकते आणि सिलिकॉन कितीही थापले तरी गळती राहतेच. दरम्यान क्लच घसरू लागला तर गाडी घाटात नेऊ नका, कारण ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोहोचलेले असू शकते.