गिअर 'पी'मधून हलेना

प्रश्न : दांडिया बाजारात घरासमोर गाडी उभी आहे. ऑटोमॅटिक. सुरू होते, पण ब्रेक दाबूनही गिअर 'पी'मधून (म्हणजे पार्किंगमधून) निघत नाही. — एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, गिअरचा दांडा जोराने ओढू नका. अंधार पडला की ब्रेक दाबा आणि मुलाला मागचे दिवे पाहायला सांगा. त्याला बाजूला उभं करा, थेट मागे नको. दिवे लागत नसतील तर पेडलच्या वरचा बोटाएवढा स्विच किंवा फ्यूज गेलाय. ब्रेक दाबल्याचं त्या स्विचने कळवल्याशिवाय गिअरचं कुलूप सुटत नाही. माझ्याही गाडीत हेच निघालं होतं.

बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी झाकणाखाली खाच असते. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून तिथे किल्ली दाबली की गिअर निघतो. पण ब्रेकचे दिवे बंद असताना मांडवीच्या गर्दीत गाडी मुळीच नेऊ नका. मेकॅनिकला दारातच बोलवा.