मुलगी दुकानं मोजतेय तर मोजू द्या

नमस्कार,

पत्र वाचलं. मुलगी टीवायबीएला, विषय भूगोल, आणि प्रोजेक्टसाठी ठाण्यात गोखले रोड ते जांभळी नाका हा व्यापारी पट्टा नकाशावर मांडतेय. ओळखीचे दुकानदार तिला वही घेऊन फिरताना बघतात ते तुम्हाला पटत नाही, म्हणून मॅडमना परस्पर फोन करून विषय बदलून घ्यायचं म्हणताय, आणि पुढे एमपीएससी की बीएड तेवढं सांगा.

आधी एक, तो फोन करू नका. तिला न विचारता विषय बदलला ना, तर उद्यापासून ती घरात काही सांगायचीच नाही, आणि मग तुम्हीच मला लिहाल की मुलगी बोलत नाही. लोक काय म्हणतील यावर तुम्ही दीड पान लिहिलंय, तिला काय करायचंय यावर एक ओळसुद्धा नाही. मार्क चांगले आहेत तिचे, मला काळजी या दीड पानाची वाटते.

आता तुमचा प्रश्न, गुगल मॅपवर सगळी दुकानं आहेतच मग ही वेगळं काय करतेय. हा गैरसमज खूप जणांचा आहे. मॅपवर दुकानाचं नाव दिसतं, पण बिल्डिंगच्या कुठल्या मजल्यावर काय आहे आणि किती जागेत आहे हे दिसत नाही, ते चालत जाऊनच बघावं लागतं. मर्फी आणि व्हान्स या अमेरिकन भूगोलतज्ज्ञांनी 1954 साली शहराचा मुख्य व्यापारी भाग कुठून कुठवर हे ठरवायची पद्धत मांडली, ब्लॉकमधली (म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेल्या तुकड्यातली) सगळ्या मजल्यांवरची व्यापारी जागा तळमजल्याच्या जागेच्या निदान 1 पट हवी आणि एकूण जागेच्या निदान 50 टक्के हवी, शिवाय असे ब्लॉक एकमेकांना लागून हवेत. समजा अशा ब्लॉकमध्ये तळमजला धरून चार मजल्यांची एकच बिल्डिंग आहे, प्रत्येक मजला हजार स्क्वेअर फूट. खाली दुकानं, वर क्लास आणि दवाखाने, त्यावर दोन मजले घरं, तर आकडे येतात 2 पट आणि 50 टक्के, म्हणजे काठावर पास. क्लास-दवाखान्यांच्या जागीही घरं असती तर 1 पट आणि 25 टक्के, नापास. रस्त्यावरून दोन्ही सारख्याच दिसतात! आणि खरी गंमत जांभळी नाक्याला आहे, कारण त्या पद्धतीत होलसेल धरतच नाहीत, आणि आपल्याकडे तोच व्यापारी होलसेलही करतो आणि किरकोळही विकतो. शिवाय तिकडचे चौकोनी ब्लॉक आपल्या गल्ल्यांमध्ये कुठून आणणार. हे तिला स्वतःचं डोकं लावून ठरवावं लागणार आहे, म्हणून विषय चांगला आहे.

तुमच्या ओळखीचे दुकानदार आहेत ना, मग एक दिवस तिच्यासोबत जा. वरच्या मजल्यावर काय चालतं, गाळा केवढा आहे, हे अनोळखी मुलीला कोणी पटकन सांगत नाही, तुम्हाला सांगतील.

एमपीएससी, बीएड सीईटी दोन्ही ग्रॅज्युएशननंतर देता येतात, आज ठरवायची गरज नाही. जीआयएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायच्या तंत्राच्या, महागड्या कोर्सला मात्र लगेच पैसे भरू नका. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, देहरादूनच्या आयआयआरएस या सरकारी संस्थेचे ऑनलाइन कोर्सही फुकट असतात, आधी त्यावर हा नकाशा करून बघू दे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. फिरून माहिती गोळा करण्यात मजा आली, आकडेमोडीत आली की कॉम्प्युटरवर नकाशा करताना, एवढं तिने लिहावं. नकाशा म्हणाली तर जीआयएसचं बोलू, फिरणं म्हणाली तर एमए करून टाऊन प्लॅनिंगकडे जायचा रस्ता आहे, त्याचं सविस्तर सांगेन.