नफा दिसतोय, पण खात्यात पैसे नाहीत. मग आता कुठलं पुस्तक वाचू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्यवसाय छोटा आहे, विक्री वाढतेय, हिशेबात नफाही दिसतो, तरी महिनाअखेरीस खातं रिकामं. व्यवसायावरची डझनभर पुस्तकं वाचून झाली. आता आणखी कुठली वाचू, आणि वाढीसाठी कर्ज घेऊ का? आर्थिक सल्लागार म्हणून माझ्यासमोर छोट्या व्यावसायिकांचेच हिशेब येतात, त्यामुळे आधी पैशांचं बोलतो. पुस्तकांचं उत्तर त्यातूनच निघेल.

तीन आकडे काढा. कच्चा-पक्का माल सरासरी किती दिवस पडून राहतो, बिल दिल्यावर ग्राहक किती दिवसांनी पैसे देतो, आणि पुरवठादार तुम्हाला किती दिवसांची उधारी देतो. पहिल्या दोन्हींच्या बेरजेतून तिसरा वजा करा. जे उरतात तेवढे दिवस धंदा तुमच्या खिशातून चालतो.

समजा माल ४५ दिवस, येणी ६० दिवस आणि देणी ३० दिवस. उरले ७५ दिवस, म्हणजे अडीच महिने. महिन्याची विक्री १००, खर्च ८५, नफा १५ धरा. सोपं पडावं म्हणून सगळा खर्च मालाचाच आहे असं मानू. म्हणजे ८५ च्या अडीचपट, साधारण २१२ इतकी रक्कम धंद्यात कायम अडकलेली आहे. आता विक्री दुप्पट झाली. दिवस तेच राहिले, तर आणखी २१२ आत घालावे लागतात, आणि महिन्याचा नफा झालाय फक्त ३०. स्वतःसाठी काहीही न काढता सात महिन्यांचा नफा त्यातच जिरतो. लोक चोरी शोधत बसतात, हिशेबनिसावर संशय घेतात. पैसे वाढीनेच खाल्लेले असतात, आणि ते नफा-तोटा पत्रकात दिसत नाही. ताळेबंदात येणी आणि शिल्लक माल या दोन ओळींत दिसतं. ते पान मात्र बहुतेक मालक सही करण्यापुरतंच उघडतात!

याच जागी सूट देण्याचा मोह होतो. शंभराच्या विक्रीवर ३० सुटत असतील आणि किंमत १० टक्के उतरवली, तर २० सुटतात. पूर्वीइतकेच हाती यायला दीडपट माल विकावा लागेल, आणि त्या दीडपट मालात पुन्हा पैसे अडकणार. लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्यायची तर तेही हिशेब करून. ‘३० ऐवजी १० दिवसांत द्या, २ टक्के कमी करतो’ म्हणजे २० दिवसांसाठी २ टक्के. वर्षाला ते ३७ टक्क्यांच्या आसपास जातं. इतकं महाग कर्ज तुम्ही बँकेकडून घेतलं नसतं. उलट पुरवठादार अशी सूट देत असेल आणि हाती रोख असेल, तर निमूटपणे घ्या.

आता पुस्तकं. गाजलेली बरीचशी मोठ्या कंपन्यांवर, आणि त्या यशस्वी झाल्यानंतर लिहिलेली असतात. जिम कॉलिन्स यांच्या २००१ सालच्या ‘गुड टु ग्रेट’मध्ये १,४३५ कंपन्या चाळून ११ ‘उत्तम’ म्हणून निवडल्या होत्या. त्यांतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि गृहकर्जांच्या व्यवसायातली फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. शिस्तीबद्दल त्यात जे लिहिलंय ते मला अजूनही पटतं. पण त्या सगळ्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या होत्या. भांडवल कमी पडलं की उभं करायचे त्यांच्याकडे मार्ग होते. तुम्हाला पुढच्या महिन्याचे पगार करायचे आहेत.

यशोगाथा वाचायचीच असेल तर पैसा आधी आला की माल आधी गेला, एवढं त्यात शोधा. मायकल डेलने १९८४ मध्ये वसतिगृहाच्या खोलीतून संगणकांचा धंदा सुरू केला, हे सगळे सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्यांची पद्धत ऑर्डर आल्यावर संगणक जोडायची, त्यामुळे तयार माल साठत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तर ग्राहकाचे पैसे येऊन गेल्यावर मग पुरवठादाराची बिलं भरली जात. वरचं दिवसांचं गणित तिथे उणे येतं. तिथे विक्री वाढली की रोख वाढते.

एकच पुस्तक सांगा म्हणाल, तर एलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’, १९८४ चंच. कादंबरी आहे, कारखान्याची. काम कुठल्या एका टप्प्यावर तुंबतं ते शोधा, बाकीची यंत्रं नुसती चालू ठेवायची म्हणून माल काढत बसू नका, हा त्याचा गाभा. कारखाना नसला तरी तुमच्या त्या ४५ दिवसांशी त्याचा थेट संबंध आहे. संवाद जरा बाळबोध आहेत, चालवून घ्या.

त्यानंतर तुमच्याच क्षेत्रातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या दोन-तीन कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचा. ते फुकट मिळतात. अध्यक्षांचं मनोगत सोडून द्या, हिशेबाच्या टिपांकडे जा. येणी भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५ केलं की त्यांचे ग्राहक किती दिवसांत पैसे देतात ते कळतं. तो आकडा तुमच्या आकड्याशेजारी लिहा. त्यांचा ४० आणि तुमचा ६० असेल, तर त्या वीस दिवसांत तुमची अडचण आहे, आणि त्यावर कुठल्याही पुस्तकात प्रकरण सापडणार नाही.

कर्जाचं मी आत्ता सांगणार नाही. तीन आकडे आल्याशिवाय मागायचं किती हेच कळणार नाही. एवढं मात्र पक्कं, की येणी आणि मालात अडकलेल्या पैशासाठी ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची सोय, चालतो. यंत्र घ्यायचं असेल तर ठरलेल्या मुदतीत हप्त्यांनी फेडायचं मुदत कर्जच घ्या, ओव्हरड्राफ्टमधून यंत्र घेऊ नका. तोवर पुढच्या मोठ्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ मागून बघा. नाही म्हणाले, तर उरलेले पैसे किती दिवसांत देणार ते ऑर्डरवरच लिहून घ्या.