फुटबॉल क्लबच्या पहिल्या संघात स्वतःच्या अकादमीत घडवलेली पोरं खेळवावीत की अनुभवी खेळाडू?

तुम्ही १९९५-९६च्या मँचेस्टर युनायटेडचा दाखला देऊन विचारलंय की त्यांचा मॅनेजर फर्ग्युसनला पोरांना घेऊन जिंकणं जमलं, मग आजचे मॅनेजर पोरांना घ्यायला एवढे का कचरतात?

ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. इन्स, ह्यूज, कँचेल्स्किस हे अनुभवी खेळाडू विकले, पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असा मार खाल्ला, ‘पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही’ असं समालोचक हॅन्सन टीव्हीवर म्हणाला आणि मे महिन्यात लीग नि एफए कप दोन्ही युनायटेडकडे. खरंय. पण व्हिलाविरुद्ध संघाचा अनुभवी फॉरवर्ड कॅन्टोना बंदीमुळे बाहेर होता. ४ मार्च १९९६चा न्यूकॅसलचा सामना बघा. पूर्वार्धात न्यूकॅसलने नुसतं झोडपलं, गोलकीपर श्मायकेल भिंतीसारखा उभा राहिला. उत्तरार्धात १९ वर्षांच्या फिल नेव्हिलने डावीकडून क्रॉस टाकला आणि २९ वर्षांच्या कॅन्टोनाने तो व्हॉलीवर, म्हणजे हवेतच, आत मारला. १-०.

म्हणून पोराला उतरवायच्या आधी त्याच्या शेजारी कोण खेळणार ते ठरवा. विंगरने (कडेने हल्ला करणाऱ्याने) दहापैकी सात वेळा बॉल घालवला तरी चालतं, मागे सावरायला माणसं असतात. सेंटर-बॅकची (मधल्या बचावपटूची) एक चूक म्हणजे थेट गोल. त्यामुळे पोरं आधी मैदानाच्या कडेच्या जागांवर, मग मधल्या फळीत. सेंटर-बॅक आणि गोलकीपर सर्वांत शेवटी. एकाच बाजूला फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि विंगर दोघंही नवखे ठेवू नका, समोरचा संघ पंधरा मिनिटांत तीच बाजू धरतो. पोराला पहिल्यांदा आणायचं ते दोन गोलांची आघाडी असताना, शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत. पिछाडीवर असताना ‘जा, काहीतरी कर’ म्हणून ढकललं, की तो प्रत्येक बॉलवर चमत्कार करायला जातो.

चेल्सीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. २०१९मध्ये खरेदीवर बंदी, म्हणून मॅनेजर लॅम्पार्डने अकादमीतले माउंट, अब्राहम, जेम्स, टोमोरी खेळवले. चौथा क्रमांक आला, पण लीगमध्ये ५४ गोल खाल्ले. पुढच्या मोसमात ३५ वर्षांचा बचावपटू थियागो सिल्वा आणि गोलमध्ये मेंडी आले. खाल्लेले गोल ३६वर आले आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात माउंट नि जेम्स दोघंही सुरुवातीपासून होते. (जानेवारीत लॅम्पार्डच्या जागी तुखेल आला, त्याचंही श्रेय आहेच.)

उलटी चूकही होते: पोरगं चांगलं खेळतंय म्हणून त्याला पिळून काढणं. स्पेनच्या तरुण पेद्रीने २०२०-२१मध्ये बार्सिलोना आणि स्पेनचे संघ मिळून, युरो नि ऑलिंपिक धरून, सत्तरहून जास्त सामने खेळले. पुढचा मोसम मांडीच्या दुखापतींत गेला. मिनिटं मोजताना क्लब नि देश दोन्हींची एकत्र मोजा.

नियम तसे पोरांच्याच बाजूचे आहेत. प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये) प्रत्येक क्लबच्या २५ जणांच्या यादीत २१ वर्षांखालचे मोजले जात नाहीत. पण हिशेबाच्या वहीत अकादमीच्या पोराची खरेदी किंमत जवळपास शून्य, म्हणजे विकलं की जवळपास सगळा नफाच. त्यामुळे पोरगं भरवशाचं झालं, की नेमका तेव्हाच क्लबला त्याला विकायचा मोह होतो. माउंट २०२३मध्ये युनायटेडला गेला तो असाच.