मंडळीत जाण्याची सक्ती कशासाठी?

प्रश्न : घनसावंगी तालुक्यातील ज्या गावी मी शिक्षिका आहे, तेथे ख्रिस्ती घर आमचे एकटेच आहे. उपासनेसाठी जालन्याला जावे, तर एसटीच्या जाण्यायेण्यात सगळा रविवार संपतो. त्यात मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, हिशेबावरून दोन तट पडले असून दारात पाऊल ठेवताच कोण कोणाकडे पाहत नाही, हे कळते. घरी बायबल वाचून आणि मोबाइलवर उपदेश ऐकून माझी भक्ती शांतपणे होते. मग मंडळीत गेलेच पाहिजे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : भगिनी, एकांतातील प्रार्थनेला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण प्रभू येशू स्वतः पहाटे उठून एकांतात प्रार्थना करीत असे. तरीही मोबाइलवरचा उपदेशक आपल्या घरी आजारपण आले असता डबा घेऊन येणार नाही, आणि त्याच्या घरी दुःख झाले तर आपल्यालाही ते कळणार नाही. एकत्र मिळणे कित्येकांनी सोडले आहे, ही तक्रार बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे, म्हणजे आपली अडचण पहिल्या शतकाइतकी जुनी आहे.

तटांविषयी म्हणाल, तर ग्रीसमधील करिंथ शहराच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस एकत्र घेण्याच्या, वेळीच एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई. प्रेषित पौलाने पत्र लिहून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. मात्र घरी बसा असे न म्हणता, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असे सांगितले. सहभागितेच्या नावाखाली हिशेब झाकावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. वार्षिक सभेत तपासलेला जमाखर्च लेखी मागणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि माझ्या मते ती सेवाही आहे.

जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तेव्हा निजाम सरकारकडून मिळालेल्या त्या जमिनीवर केवळ प्रार्थनामंदिर उभे राहिले नाही, तर नव्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती झाली. शेजारी राहून भागवायचे असल्यामुळे मने जुळेपर्यंत थांबण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. आपल्याकडे क्रम नेमका उलटा झाला आहे. आधी मने जुळावीत आणि मग काम करू, असे आपण म्हणतो. एका दफनविधीनंतरच्या जेवणाच्या तयारीत, कित्येक महिने अबोला धरलेल्या दोघी एकाच परातीत कांदा चिरताना मी पाहिल्या आहेत. त्यांचा समेट झाला नव्हता, पण “मीठ टाकलं का?” एवढे तरी एकीने दुसरीला विचारले.

म्हणून दर रविवारचा आग्रह मी धरणार नाही. प्रभुभोजनाचा रविवार मात्र चुकवू नका, आणि कापणीच्या सणाला पाहुण्यासारखे न बसता आदल्या दिवशी जाऊन एखादे काम अंगावर घ्या. शिवाय महिन्यातून एकदा आपल्याच घरी प्रार्थना ठेवण्याविषयी पाळकसाहेबांना विचारा. अंबड आणि परतूर तालुक्यांत आपल्यासारखी विखुरलेली कुटुंबे असल्यास त्यांना जालन्यापेक्षा आपले घर जवळ पडेल.